हप्त्यात बसणारे घर

छत्रपती संभाजीनगरात पत्ता विचारला की निम्मे शहर आकड्यांत उत्तर देते. एन-दोन, एन-सहा, एन-अकरा. या आकड्यांमागे वीस हजारांहून जास्त घरे उभी आहेत. साध्या नोकरदारांना, कामगारांना, शिक्षकांना हप्त्यावर मिळावीत म्हणून ती सिडको या सरकारी महामंडळाने बांधली. आज त्याच शहरात वाळूजच्या कारखान्यातला ऑपरेटर, खासगी शाळेतली शिक्षिका, पतसंस्थेतला लिपिक किंवा दवाखान्यातली परिचारिका घर शोधायला निघाली, तर हाती बहुतेकदा दोनच गोष्टी लागतात: बायपासच्या पलीकडे टँकरच्या पाण्यावर चालणारा फ्लॅट, नाही तर बाँडपेपरवर लिहून मिळणारा वीस बाय तीसचा प्लॉट. पन्नास वर्षांपूर्वी या शहराला जे जमले ते आज का जमत नाही, हा पुढच्या पानांचा विषय आहे.

घराच्या प्रश्नावर लिहिताना आपली नजर दोन टोकांकडे जाते. एकीकडे झोपडपट्टी आणि बेघर, दुसरीकडे टॉवर आणि गेटबंद वसाहती. मध्ये जो मोठा वर्ग आहे त्याच्याविषयी फारसे लिहिले जात नाही, कारण त्याची अडचण डोळ्यांना दिसत नाही. तो भाड्याच्या दोन खोल्यांत नीटनेटका राहतो, मुलांना शाळेत घालतो, वेळेवर कामावर जातो. त्याची अडचण कागदावर मांडली की मगच कळते. म्हणून आधी तो हिशेब मांडतो.

घरात महिन्याला ४५ हजार रुपये हातात येतात असे धरू. त्यातले जास्तीत जास्त निम्मे हप्त्यात जाऊ शकतात, तेही काटकसर करून. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी २५ लाखांचे कर्ज घेतले तर हप्ता २१ हजार ७०० रुपयांच्या आसपास येतो. म्हणजे कर्जाची मर्यादा तिथेच ठरली. आता ३० लाखांचा, अजून बांधकाम सुरू असलेला फ्लॅट पाहिला, तर वरचे ५ लाख स्वतःचे हवेत. त्यावर सहा टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे १ लाख ८० हजार, नोंदणीचे ३० हजार आणि एक टक्का जीएसटीचे आणखी ३० हजार. फ्लॅट घरातल्या बाईच्या नावावर घेतला तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, तेवढाच दिलासा. एकूण सात लाखांच्या पुढची रक्कम पहिल्याच दिवशी रोख लागते. हप्ता भरायची ताकद असलेली कितीतरी कुटुंबे या सात लाखांपाशी अडतात. भाडे भरत भरत सात लाख साठवायचे, आणि ते साठेपर्यंत ३० लाखांचा फ्लॅट ३६ लाखांवर गेलेला असतो.

सरकारी मदत या हिशेबात कुठे बसते ते पाहा. पंतप्रधान आवास योजनेत २०१७ पासून मार्च २०२१ पर्यंत मध्यम उत्पन्न गटासाठी वेगळी व्याज सवलत होती: वार्षिक ६ ते १२ लाख उत्पन्न असलेल्यांना ९ लाखांच्या कर्जावर ४ टक्के आणि १२ ते १८ लाखवाल्यांना १२ लाखांच्या कर्जावर ३ टक्के. २०२४ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात ९ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला जास्तीत जास्त १ लाख ८० हजार रुपये मिळतात. तेही पाच वार्षिक हप्त्यांत, कर्जखात्यावर. मदत खरी आहे आणि ज्यांना मिळाली त्यांना तिचा उपयोग झाला. पण ती येते घर घेतल्यानंतर. उंबरठ्यावर जे सात लाख अडवून धरतात, त्यांना ती हात लावत नाही. शिवाय जमीन आणि पाणी असलेली घरे तेवढीच राहिली आणि प्रत्येकाच्या हातात थोडा जास्त पैसा आला, तर तो पैसा किमतीतच मुरतो. माझ्या मते मध्यमवर्गीय घराच्या प्रश्नावर गेल्या दहा वर्षांत जे उपाय झाले, त्यांचा कमकुवत दुवा हाच आहे. ते खरेदीदाराला बळ देतात, जमिनीला हात घालत नाहीत.

एन-सेक्टरांची गोष्ट जमिनीपासूनच सुरू झाली होती. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोकडे मुख्य काम होते नवी मुंबईचे. १९७२ मध्ये तिच्याकडे, तेव्हा औरंगाबाद म्हटल्या जाणाऱ्या या शहराच्या विस्ताराचे, म्हणजे नवीन औरंगाबादचेही काम आले. तो मराठवाड्यातल्या भीषण दुष्काळाचा काळ. विद्यापीठ १९५८ मध्येच आले होते, चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत वाढू लागली होती, आणि पुढे १९८१ मध्ये उच्च न्यायालयाचे खंडपीठ, १९८२ मध्ये महानगरपालिका, १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना असे एकामागून एक आले. १९७१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे १ लाख ६५ हजार होती. १९८१ मध्ये ती तीन लाखांच्या जवळ गेली, १९९१ मध्ये पावणेसहा लाखांच्या आसपास. वीस वर्षांत साडेतीन पट. जालना, बीड, परभणी, बुलढाण्याकडून माणसे येत होती आणि त्यांना जुन्या शहरातल्या वाड्यांत आणि मोहल्ल्यांत जागा नव्हती.

सिडकोने जे केले ते क्रमाने पाहण्यासारखे आहे. आधी जुन्या शहराच्या पूर्वेला सलग जमीन ताब्यात घेतली. मग तिचे सेक्टर पाडले, रस्ते आखले, मलनिस्सारणाच्या नळ्या टाकल्या, शाळा, बाजार आणि बागांच्या जागा राखल्या. त्यानंतर घरे. आणि घरे एकाच मापाची नव्हती. अगदी लहान, एक खोली, मोरी आणि मागे मोकळी जागा असलेल्यांपासून ते मध्यम आणि उच्च उत्पन्न गटाच्या रो हाऊसपर्यंत, एकाच नकाशात. पैसा उभा राहिला त्यात हडकोच्या कर्जाचा वाटा मोठा होता. हडको ही केंद्र सरकारची गृहनिर्माण वित्तसंस्था, तीही १९७० चीच. तिचे नाव इथल्या एका अख्ख्या भागाला लागले आणि आजही रिक्षावाल्याला ‘हडको, टीव्ही सेंटर’ एवढे सांगितले की पुरते.

या घरांचे खरे मर्म त्यांच्या अपुरेपणात होते. कुटुंबाला परवडेल तेवढेच घर बांधून द्यायचे, पण पायाखाली जमीन द्यायची. मुले मोठी झाली की मागच्या मोकळ्या जागेत एक खोली, पगार वाढला की वर स्लॅब, मुलाचे लग्न ठरले की जिना बाहेरून. एन-सहा किंवा एन-नऊच्या गल्लीतून चालत गेलात तर एकाच रांगेतली, एकाच वर्षी बांधलेली दहा घरे दहा तऱ्हांची दिसतात. चार्ल्स कोरिया यांनी नव्या मुंबईत बेलापूरला आणि बाळकृष्ण दोशी यांनी इंदूरला अरण्य वसाहतीत वाढत जाणाऱ्या घराची हीच कल्पना वापरली. ती घरे वास्तुकलेच्या अभ्यासक्रमांत आहेत. संभाजीनगरच्या गल्ल्या तिथे नाहीत, पण इथल्या हजारो कुटुंबांनी तेच तत्त्व स्वतःच्या विटा-सिमेंटने सिद्ध केले.

या योजनेत दोष नव्हते असे नाही. शेजाऱ्यांची भिंत सामाईक असल्याने वर मजले चढले तेव्हा वाद झाले, काही ठिकाणी उजेड आणि वारा कोंडला. जमीन ज्यांची गेली त्या शेतकऱ्यांच्या मोबदल्याची गाऱ्हाणी लांबत गेली. घर आपले, पण जमीन भाडेपट्ट्यावर. त्यामुळे विकताना, वारसाच्या नावावर करताना सिडकोची ना हरकत आणि हस्तांतरण शुल्क. २००६ मध्ये नागरी सेवा महापालिकेकडे गेल्या, जमिनीची मालकी सिडकोकडे राहिली आणि रहिवाशांना दोन दारे झिजवावी लागली. ‘फ्री होल्ड करा’, म्हणजे जमीनही मालकीची करा, ही मागणी तेव्हापासून निवडणुकांत ऐकू येत राहिली, आणि ज्यांनी हप्ते फेडले त्यांच्या बाजूने ती समजण्यासारखीच आहे.

तरी भाडेपट्ट्यात एक विचार होता आणि तो आपण हरवला, असे मला वाटते. सार्वजनिक जमिनीवर स्वस्तात मिळालेले घर पहिल्या कुटुंबाने बाजारभावाने विकले की ते स्वस्त घर शहरातून कायमचे जाते. एन-दोन किंवा एन-पाचमधले रो हाऊस आज त्याच घरातल्या पहिल्या मालकाच्या नातवाला, तो त्याच पगाराच्या नोकरीत असला तरी, परवडत नाही. पहिल्या पिढीला मिळालेला लाभ दुसऱ्या पिढीतल्या त्याच वर्गापर्यंत पोहोचला नाही. सिंगापूरने या प्रश्नाला दिलेले उत्तर वेगळे होते. १९६० मध्ये तिथे गृहनिर्माण मंडळ स्थापन झाले, १९६६ च्या कायद्याने सरकारला जमीन संपादनाचे मोठे अधिकार मिळाले, १९६८ पासून कामगारांना भविष्यनिर्वाह निधीतून घराचे पैसे भरता येऊ लागले. घरे ९९ वर्षांच्या पट्ट्यावर, आणि मंडळ नवी घरे बांधायचे कधी थांबले नाही. आजही तिथल्या बहुसंख्य कुटुंबांचे घर याच मंडळाचे आहे. तिथली राज्यव्यवस्था आपल्याला नको असेल. पण जमीन आधी, घर नंतर आणि काम अखंड, या तीन गोष्टींना त्या राज्यव्यवस्थेची गरज नाही. त्या एन-सेक्टरांतही होत्या, फक्त तिसरी सुटली.

कारण सिडको थांबली. वाळूज महानगराचा आराखडा नव्वदच्या दशकात आला, पण एन-सेक्टरांसारखी सर्व गटांची वस्ती तिथे त्या प्रमाणात उभी राहिली नाही. बजाजनगरात औद्योगिक विकास महामंडळाच्या भूखंडांवर कामगारांच्या सोसायट्या झाल्या, तो एक चांगला अध्याय. बाकी वाळूजजवळच्या रांजणगाव, जोगेश्वरी, पंढरपूर या गावांत एका वाड्यात दहा-बारा खोल्या काढून भाड्याने देण्याचा धंदा वाढला. आणि शहराच्या चहूबाजूंनी गुंठेवारी पसरली.

गुंठेवारीला ‘अनधिकृत’ हा एकच शब्द लावून मोकळे होणे मला पटत नाही. मुकुंदवाडी, पुंडलिकनगर, मिसारवाडी, हर्सूल, पडेगाव, मिटमिटा, सातारा, देवळाई इथे घरे बांधणारी माणसे घुसखोर नव्हती. त्यांनी पूर्ण किंमत मोजून जमीन घेतली. शेतकऱ्याने एकराचे तुकडे पाडले, मध्यस्थाने चुन्याच्या रेघा मारल्या, वीस बाय तीस म्हणजे सहाशे चौरस फुटांचा प्लॉट ठरला. तुकडेबंदी कायद्यामुळे एवढ्या तुकड्याचे खरेदीखत नोंदवता येईना, म्हणून शंभराच्या बाँडवर व्यवहार झाला. निम्मे पैसे इसार, निम्मे दोन-तीन वर्षांत. बँक नको, पगाराची स्लीप नको, मुद्रांक शुल्क नको. आणि घर मागाहून वाढवता येईल असे. सिडकोने जे द्यायचे थांबवले, त्यातल्या दोन गोष्टी गुंठेवारीने लोकांना दिल्या: पेलणारा हप्ता आणि पायाखालची जमीन. ज्या दिल्या नाहीत त्या म्हणजे कागद, ड्रेनेज, रस्ता, पाणी आणि शाळेची जागा.

त्याची किंमत पुढे वीस-तीस वर्षे चुकती होत राहिली. नऊ फुटांच्या गल्लीत अग्निशमनाची गाडी जात नाही. घरावर बँक कर्ज देत नाही, म्हणून मुलीच्या शिक्षणाला सोनेच मोडावे लागते. राज्याने २००१ मध्ये गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा केला, १ जानेवारी २००१ पर्यंतच्या भूखंडांसाठी. २०२१ मध्ये ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे नेली. सातारा-देवळाईला २०१४ मध्ये स्वतंत्र नगर परिषद मिळाली आणि पुढच्याच वर्षी ती महापालिकेत विलीन झाली, घरे मात्र आधीच उभी होती. ज्याने घर घेतले तो शुल्क भरून नियमित होतो, रस्त्यासाठी अंगण सोडतो आणि मग नळाची वाट पाहतो. आधी नळ्या आणि मग घरे, हा एन-सेक्टरांचा क्रम इथे उलटा झाला. उलट्या क्रमाने केलेले तेच काम किती महाग पडते, हे पाहायचे असेल तर या वस्त्यांतले खोदलेले रस्ते पाहावेत.

पाण्याचा उल्लेख केल्याशिवाय या शहरातल्या घराची किंमत सांगता येत नाही. जायकवाडी धरण भरलेले असते आणि शहरात नळ काही काही दिवसांआड येतो. ७०० आणि १४०० मिलिमीटरच्या जुन्या जलवाहिन्यांवर शहर दशकानुदशके तगले. २०२० च्या डिसेंबरात १,६८० कोटींच्या नव्या योजनेचे भूमिपूजन झाले, पुढे तिचा खर्च २,७०० कोटींच्या वर गेला. २,५०० मिलिमीटरच्या नव्या जलवाहिनीवर शहराचे डोळे लागले. पण घर घेणाऱ्याच्या हिशेबात हे आकडे वेगळ्या रूपाने येतात. बायपासच्या पलीकडच्या फ्लॅटचा हप्ता २१ हजार ७००, त्यात सोसायटीचा टँकरचा मासिक वाटा, दोघांच्या दुचाकींचे पेट्रोल आणि उन्हाळ्यात विकतचे जारचे पाणी मिळवले, की स्वस्त वाटलेले घर महाग होते. परवडणारे घर म्हणजे किती लाखांचे, या प्रश्नाला नळ कुठे आहे आणि काम किती दूर आहे हे कळल्याशिवाय अर्थ नाही.

सरकारी योजनांनी काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. म्हाडाचे इथले मंडळ सोडती काढते. मोठ्या खासगी प्रकल्पांत वीस टक्के जागा अल्प आणि अत्यल्प उत्पन्न गटांसाठी ठेवण्याचा नियम आहे आणि त्यातूनही घरे मिळतात. मात्र त्या नियमात मध्यम उत्पन्न गट येत नाही. गरिबांसाठी आवास योजनेत सुमारे ४० हजार घरांचा मोठा प्रकल्प इथे आखला गेला, त्याच्या निविदेवरून २०२३ मध्ये गुन्हा दाखल झाला, ईडीने छापे घातले आणि काम पुन्हा मागे पडले. या सगळ्यांतून हप्ता भरू शकणाऱ्या, पण बाजाराच्या घरापर्यंत न पोहोचणाऱ्या कुटुंबाच्या वाट्याला येते ती सोडतीतली एखादी चिठ्ठी.

महाराष्ट्रातच दुसरी एक वाट दिसते, सोलापूरला. कॉम्रेड नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने विडी कामगार महिलांच्या सहकारी संस्थेने कुंभारी इथे दहा हजार घरांची वसाहत उभी केली. गोदूताई परुळेकर यांच्या नावाची ही वसाहत २००६ मध्ये पूर्ण झाली. त्यानंतर शेजारीच रे नगर हा ३० हजार घरांचा प्रकल्प आखला गेला, त्यातल्या १५ हजार घरांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या गेल्या. कामगारांचे उत्पन्न आपल्या मधल्या कुटुंबापेक्षा कितीतरी कमी. तरी जमले, कारण घर घेणारे आधी एकत्र आले, त्यांनी जमीन आधी घेतली आणि मग केंद्र, राज्य व कामगार यांचे वाटे जुळवले. वाळूज आणि शेंद्र्याच्या कारखान्यांत संघटना आहेत, पतसंस्था आहेत, भविष्यनिर्वाह निधी आहे. एकत्रित जमीन घेण्याची ताकद त्यांच्याकडे विडी कामगार महिलांपेक्षा नक्कीच जास्त आहे. ती वापरली गेली नाही, याची मला खंत आहे.

भाड्याच्या घराबद्दलही दोन शब्द. कंत्राटी कामगाराला, बदली होणाऱ्या परिचारिकेला, नोकरीच्या पहिल्या पाच वर्षांत असलेल्या अभियंत्याला विकत घर नकोच असते. त्यांना हवे असते ते करार असलेले, नळ असलेले, कामाजवळचे भाड्याचे घर. अशी घरे सार्वजनिक संस्थेने बांधून सांभाळण्याची परंपरा आपल्याकडे सरकारी वसाहतींपुरतीच राहिली.

हे सगळे आत्ता लिहिण्याचे कारण बिडकीन आहे. ऑरिक म्हणजे शेंद्रा-बिडकीन औद्योगिक नगरी सुमारे दहा हजार एकरांची. त्यातला मोठा भाग पैठण रस्त्यावर बिडकीनला. तिच्या आराखड्यात सुमारे साठ टक्के जमीन उद्योगांना आणि उरलेली चाळीस टक्के राहण्यासाठी, व्यापारासाठी व सोयींसाठी आहे. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने इथल्या प्रकल्पासाठी राज्याशी सामंजस्य करार केला, इतरही मोठे उद्योग येत आहेत. २०२५ च्या राज्याच्या गृहनिर्माण धोरणात कामाच्या जागेजवळ घर ही कल्पनाही आली आहे. १९७२ नंतर पहिल्यांदाच या शहरापाशी सलग, सार्वजनिक ताब्यातली, नळ्या आणि रस्ते आधी टाकलेली जमीन आहे. ती रहिवासी जमीन लिलावात सर्वात मोठ्या बोलीला गेली, तर त्या बोलीची रक्कम तिथल्या प्रत्येक फ्लॅटच्या किमतीत उतरेल आणि ऑपरेटर पुन्हा बिडकीन गावातल्या एखाद्या शेतातला वीस बाय तीसचा प्लॉट बाँडवर घेईल.

दुसरेही करता येते. त्या जमिनीचा ठरावीक हिस्सा लिलावाबाहेर ठेवून कामगारांच्या संस्थांना लहान भूखंड दीर्घ पट्ट्यावर देता येतील. जमिनीची किंमत पहिल्या दिवशी न घेता घराच्या हप्त्याबरोबर वीस वर्षांत घेता येईल, म्हणजे सात लाखांचा उंबरठा खाली येईल. घर विकायचे तर ते ठरलेल्या सूत्राने त्याच गटातल्या कुटुंबाला, अशी अट पट्ट्यात पहिल्यापासून घालता येईल. काही इमारती भाड्यासाठी राखता येतील. यातली कोणतीच गोष्ट कायद्याला अनोळखी नाही. सिडकोच्या वाटपपत्रांत, सोलापूरच्या सहकारी संस्थेच्या पोटनियमांत, म्हाडाच्या अटींत त्यांचे तुकडे सापडतात. पुढच्या पानांत ते एकत्र ठेवून पाहिले आहेत. बिडकीनच्या रहिवासी भूखंडांच्या अटी ज्यांच्या टेबलावर लिहिल्या जाणार आहेत त्यांनी, आणि ज्यांच्या हप्त्यांवर ती वस्ती उभी राहणार आहे त्यांनीही, ते अटी पक्क्या होण्याआधी वाचावेत.